राखणदार आत, कुलूप बाहेर: सोलापुरातल्या एका चोरीला गेलेल्या लॅपटॉपचं प्रकरण

अण्णांचा फोन आला तेव्हा संध्याकाळचे पावणेआठ वाजले होते. १५ जानेवारी २०२५. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस, होम मैदानाच्या बाजूला पाय ठेवायला जागा नाही, त्यामुळे फोनवर आधी नुसता पिपाण्यांचा आवाज. मग अण्णा म्हणाले, "बॅग गेली रे. लॅपटॉपसकट."

अण्णा कर सल्लागार आहेत. अशील बहुतेक चादर-टॉवेलचे कारखानदार, यंत्रमागवाले, थोडे नवी पेठेतले दुकानदार. त्यांच्या ऑफिसातले पाच संगणक मी सांभाळतो. हे प्रकरण त्यांना विचारून लिहितोय. ओळख पटेल असे तपशील गाळलेत, तांत्रिक भाग मात्र जसा घडला तसाच आहे.

चोरीची युक्ती जुनीच. गाडी रस्त्याकडेला उभी, अण्णा आत बसलेले, बॅग मागच्या सीटवर. दुचाकीवरचा एक पोरगा काच ठोकून म्हणाला, "काका, खालून ऑईल गळालंय." अण्णा उतरले, बॉनेट उघडलं, वाकून बघितलं. बॉनेटखाली खरंच थोडं तेल शिंपडलेलं होतं. तेवढ्यात मागचं दार उघडून दुसऱ्यानं बॅग नेली. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

फोनवर अण्णांचा पहिला प्रश्न: "तू ते ट्रॅकिंगचं बसवलंयस ना त्यात? बघ की कुठं आहे." दुसरा प्रश्न अर्ध्या तासानं आला, आवाज जरा खाली आणून: "त्यातलं काही उघडंल का रे त्यांना?" लॅपटॉप गेलेला जवळजवळ प्रत्येक माणूस हे प्रश्न ह्याच क्रमानं विचारतो. मी कामाला सुरुवात केली ती मात्र दुसऱ्यापासून.

मशीनमध्ये काय काय बसवलेलं होतं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर फिरतं. विंडोज ११ प्रो. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, आणि तेही चालू करताना पिन मागणारं. यूएसबीवरून मशीन चालू होऊ नये म्हणून ती सोय बंद, बायोसला (विंडोजच्या आधी जागा होणारा मशीनचा मूळ प्रोग्रॅम) पासवर्ड. झाकण मिटलं की मशीन स्लीपमध्ये न जाता हायबरनेट व्हावं अशी सेटिंग. शिवाय मायक्रोसॉफ्टचं 'फाइंड माय डिव्हाइस' चालू, आणि त्यावर दर वर्षाला पैसे भरून घेतलेलं माग काढणारं एक अ‍ॅप. हे सगळं मीच केलेलं. दोन वर्षं त्या अ‍ॅपचे पैसे अण्णांच्या बिलात मीच लावत होतो.

त्या रात्री साडेआठला ऑफिसात बसून मायक्रोसॉफ्टच्या खात्याचं पान उघडलं. लॅपटॉप शेवटचा दिसला होता संध्याकाळी ६ वाजून २२ मिनिटांनी, कुठं, तर आम्ही बसलो होतो त्याच ऑफिसात. 'शोधा' दाबलं. चाक फिरत राहिलं. अ‍ॅपच्या पानावर मशीन 'हरवले' म्हणून नोंदवलं, तिथंही तेच: ऑफलाइन.

अण्णा खुर्ची ओढून माझ्या मागं बसले होते. म्हणाले, "नेट मिळालं नसंल अजून. उद्या दिसंल."

मला तेव्हाच कळून चुकलं होतं की उद्याही दिसणार नाही आणि परवाही नाही. ते का, हे तोंडानं सांगायला मात्र मी थोडा वेळ घेतला, कारण चूक माझी होती.

गोष्ट अशी आहे. माग काढणारी कुठलीही सोय म्हणजे शेवटी विंडोजच्या आत चालणारा एक प्रोग्रॅम. विंडोज सुरू झालं, नेट मिळालं, तर तो आजूबाजूची वाय-फाय बघून किंवा आयपी पत्त्यावरून जागा कळवणार. विंडोज राहतं डिस्कवर, आणि डिस्कला कुलूप. चालू करताना पिन मागणारं बिटलॉकर असेल, तर पिन टाकेपर्यंत मदरबोर्डवरची टीपीएम चिप डिस्कची किल्ली सोडतच नाही. चोरानं बटण दाबलं की निळा पडदा येतो, पिन मागतो, आणि गाडी तिथंच थांबते. विंडोज सुरूच होत नाही, मग वाय-फाय कुठलं आणि नकाशा कुठला. राखणदाराला दुकानात कोंडून बाहेरून शटरला कुलूप घालावं, तसं मी करून ठेवलं होतं, आणि राखणदाराचा पगार दर वर्षी घेत होतो.

एक फट होती, तीही मीच बुजवली होती. लॅपटॉप स्लीपमध्ये असता तर किल्ली मेमरीत राहिली असती आणि विंडोज अर्धवट जागं असतं. चोरानं झाकण उघडलं असतं तर लॉगिनचा पडदा आला असता, त्याच्या कोपऱ्यात वाय-फाय निवडायची खूण असते, आणि ती वापरायला पासवर्ड लागत नाही. नेट जोडायचा मोह चोराला झाला असता तर बॅटरी संपेपर्यंत एखादी खूण मिळाली असती. पण किल्ली मेमरीत राहू नये म्हणूनच तर मी हायबरनेट लावलं होतं. हायबरनेट म्हणजे सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद. परत चालू केलं की पुन्हा पिन.

हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे माझी माहिती सुरक्षित आहे, आणि लॅपटॉप गेला."

"हो अण्णा. एकामुळंच दुसरं."

ते हसले. मला हसू आलं नाही.

त्या लॅपटॉपात साठेक अशिलांचे पॅन, बँकेचे उतारे, जीएसटीचे आयडी-पासवर्ड एका एक्सेलमध्ये होते. (त्या एक्सेलवरून आमचं आधी दोनदा वाजलंय. आता तिसऱ्यांदा वाजलं आणि ती फाइल पासवर्ड मॅनेजरात गेली.) पिन आठ आकडी. टीपीएम २.० वर विंडोज ३२ चुकीच्या प्रयत्नांनंतर दार बंद करतं, पुढं दर दहा मिनिटांना एकच प्रयत्न मोकळा होतो. आठ आकड्यांचे दहा कोटी मेळ त्या गतीनं तपासायला चोराची कितीतरी हयात जाईल. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली तर मिळणार ४८ आकडी रिकव्हरी कीची मागणी.

आणि ती की? मी विचारल्यावर अण्णांचा चेहरा पांढरा पडला. छापील कागद त्यांनी "कुठंतरी जपून" ठेवला होता. बॅगेत तर नाही? पंधरा मिनिटं आम्ही लोखंडी कपाट उपसलं. कागद सापडला २०२३ च्या रिटर्नच्या फायलीत, चादरीच्या एका नमुन्याला टाचलेला. तो का टाचला होता हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. कीची दुसरी प्रत मायक्रोसॉफ्टच्या खात्यातही असते, म्हणून लगोलग त्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि बाकीची सगळी लॉगिन बंद केली.

खरा धोका निराळाच निघाला. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात डिजिटल सह्यांचे तीन डोंगल (पेनड्राइव्हसारखे) होते, अण्णांचा एक आणि दोन अशिलांचे. आणि प्रत्येकावर पांढऱ्या पट्टीवर, निळ्या बॉलपेननं, त्याचा पासवर्ड. डिस्कला एवढं कुलूप आणि सह्या अशा उघड्यावर. त्या तिन्ही रद्द करण्याच्या विनंत्या टाकण्यात आमचे दोन तास गेले. ट्रॅकिंगचं पान उघडून बसलो असतो तर हेच दोन तास गेले असते.

पोलीस ठाण्यातलं थोडक्यात सांगतो. आधी 'गहाळ' म्हणून नोंद करू, असा सूर होता. आम्ही ऐकलं नाही. गहाळचा दाखला सिमकार्ड परत घ्यायला ठीक आहे, चोरीचा तपास त्यावर होत नाही. शेवटी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली गुन्हा नोंदवला गेला. तिथं दोन गोष्टी उपयोगी पडल्या: बिल, आणि खोक्यावरचा सिरीयल नंबर. हवालदार साहेबांनी आयएमईआय, म्हणजे मोबाइलचा ओळख क्रमांक, विचारला. लॅपटॉपला तो नसतो. मोबाइल हरवला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून तो देशभर बंद पाडता येतो, तशी सोय साध्या लॅपटॉपला नाही. त्यांना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

जाताना एक जाणते अधिकारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "लोकं नकाशावरचा गोल घेऊन येतात. गोलात चाळीस घरं. कुणाचं दार वाजवू?" हे मनाला लागलं, कारण खरं आहे. लॅपटॉपात जीपीएस क्वचित असतो, जागा आसपासच्या वाय-फायवरून अंदाजे ठरते. दाट वस्तीच्या पेठेत पन्नास मीटरची चूक म्हणजे दुसरी गल्ली. नुसता आयपी पत्ता मिळाला तर तो सोलापुरातला असूनही नकाशावर मुंबई-पुणे दाखवतो. मोबाइल नेटवर एकच आयपी एकाच वेळी शेकडो जण वापरत असतात, त्यामुळे कंपनीला लेखी विचारायचं तर नेमकी वेळ आणि पोर्ट नंबरही लागतो. हे सगळं होतं, होतच नाही असं नाही. पण एका लॅपटॉपसाठी ते कितपत रेटलं जाईल, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बॅग सापडली. विजापूर रोडच्या कडेला, काटेरी झुडपात. त्यात जेवणाचा डबा, शेंगाचटणीची पुडी, आणि बाजूच्या कप्प्यात तिन्ही डोंगल जसेच्या तसे. लॅपटॉप आणि चार्जर तेवढे नेलेले. माझ्या एका मित्रानं नंतर सुचवलं की बॅगेत एअरटॅगसारखं माग कळवणारं काहीतरी ठेवायला हवं होतं. ठेवलं असतं तर आम्हाला बॅग मिळाली असती. ती तशीही मिळाली. मशीनच्या आत टॅग चिकटवणारे आहेत, पण पातळ लॅपटॉपात जागा नसते, धातूच्या खोक्यात सिग्नल मंदावतो, आणि अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरतोय हे आता आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही सांगतात. ती सोय पाठलाग होणाऱ्या बायकांसाठी आहे आणि असायलाच हवी. चोराला तिचा फायदा मिळतो, त्याला इलाज नाही.

डोंगल परत मिळाले म्हणून सह्या रद्द केल्या ते वाया गेलं, असं अण्णांचे एक अशील म्हणाले. रात्रभर त्या कुणाच्या हातात होत्या हे कुणाला माहीत? नवीन सह्यांचा खर्च अण्णांनी गुपचूप स्वतःच्या खिशातून भरला.

काम कुठं अडलं नाही. टॅलीचा डेटा ऑफिसातल्या सर्व्हरवर होता, बाकी बॅकअप आदल्या रात्रीचा. त्या महिन्यात जीएसटीचं पोर्टल आधीच अडकून बसलं होतं आणि ३बी रिटर्नची मुदत २० वरून २२ जानेवारी झाली होती, ते दोन दिवस देवासारखे धावून आले. गेलं ते १५ तारखेच्या दुपारचं तीन तासांचं काम, एका टॉवेल कारखान्याचा ताळमेळ. तो अण्णांनी पुन्हा बसून केला आणि करताना चोराला तेलुगूत काय काय म्हणाले ते मला समजलं नाही.

नवीन लॅपटॉप घेतला तेव्हा खरा प्रश्न पुढं आला. अण्णांचा पुतण्या म्हणाला, "ह्या वेळी ते सुरुवातीचं पिन काढून टाका की. मग ट्रॅकिंग चालंल."

पोरगा चुकीचं बोलत नव्हता. पिन नसलेलं बिटलॉकर, म्हणजे टीपीएम स्वतःच किल्ली सोडतं आणि विंडोज लॉगिनच्या पडद्यापर्यंत आपोआप येतं. हल्ली घरगुती लॅपटॉप बहुतेक असेच असतात. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्यानं विंडोज टाकून मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की हे कुलूप न विचारताच लागतं. अशा मशीनचा माग लागू शकतो, जर मशीन चालू झालं, जर कुणी त्याला नेट दिलं, जर 'फाइंड माय डिव्हाइस' चालू होतं, आणि जर चोरानं पहिल्याच दिवशी फॉरमॅट मारलं नाही. चार 'जर' झाले. पाचवा त्या पोलीस अधिकाऱ्यांचा.

त्याच्या बदल्यात आपण काय देतो? किल्ली चिपमधून आपोआप बाहेर येते म्हणजे ती वाटेत पकडताही येते. २०२४ च्या सुरुवातीला एका संशोधकानं एका जुन्या लॅपटॉपवर हे करून दाखवलं: दहा डॉलरच्या आतलं सामान, रास्पबेरी पाय पिको नावाचा छोटा बोर्ड, ४३ सेकंद. ते वेगळी टीपीएम चिप असलेलं मशीन होतं. प्रोसेसरमध्येच टीपीएम असेल तर ही युक्ती चालत नाही. बॉनेटखाली तेल शिंपडणारा पोरगा हे करणार नाही, हेही मान्य. पण अण्णांकडे साठ घरांची माहिती आहे, माझ्याकडे असती तर मी पिनच ठेवला असता. कॉलेजच्या पोरानं आपल्या लॅपटॉपला पिन नाही लावला आणि मागाची सोय चालू ठेवली तर त्याला मी मूर्ख म्हणणार नाही.

अ‍ॅपलवाल्यांनी हा पेच बऱ्यापैकी ओळखलेला दिसतो. फाइलव्हॉल्ट (मॅकचं डिस्कचं कुलूप) चालू असलेल्या मॅकवर 'पाहुणा' म्हणून शिरलं तर नुसता ब्राउझर उघडतो, आपल्या फायली कुलपातच राहतात. म्हणजे चोराला नेट वापरू द्यायचं आणि त्याची जागा कळू द्यायची. शिवाय अलीकडच्या मॅकना फॉरमॅटनंतरही मूळ मालकाचं खातं मागणारं कुलूप असतं. विंडोजच्या बाजूला बायोसमध्ये बसणारी, फॉरमॅट मारलं तरी परत उगवणारी पैसे भरून घ्यायची सेवा आहे, ती मोठ्या कंपन्या घेतात. पण तिलाही विंडोज चालू व्हावंच लागतं.

पुतण्याशी बोलून शेवटी पिन ठेवला. पैसे भरायचं अ‍ॅप काढलं. जुन्या मशीनचं वर्ष मार्चअखेर संपत होतं, तेवढं तसंच राहू दिलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसच्या लँडलाइनवर बार्शीहून फोन आला. एक लॅपटॉप दुरुस्तीवाला. म्हणाला, "तुमचा नंबर मशीनवर दिसतोय. लॅपटॉप तुमचा आहे का?"

मशीनवर म्हणजे पाठीवर नव्हे. ते स्टिकर चोरानं खरवडलं होतं. बिटलॉकरच्या रिकव्हरीच्या पडद्यावर आपल्याला हवा तो मजकूर दाखवायची एक सेटिंग असते. बसवताना मी तिथं 'लॅपटॉप सापडल्यास फोन करा' आणि ऑफिसचा नंबर घालून ठेवला होता, एसटीत विसरला तर असावं म्हणून. त्या पडद्यावर सगळ्या लिप्या धड दिसत नाहीत, म्हणून मराठीच पण रोमन अक्षरांत. मी तो विसरूनही गेलो होतो.

झालं असं. आठवडी बाजारात सहा हजाराला घेतला म्हणून एक गिऱ्हाईक तो लॅपटॉप "पासवर्ड काढून द्या" म्हणत घेऊन आला. दुरुस्तीवाल्यानं पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायला बघितलं, बायोसनं येऊ दिलं नाही. १२३४५६ वगैरे पाच-सहा पिन मारून बघितले. नवी एसएसडी, म्हणजे डिस्क, घेऊन तिच्यात दुसऱ्या मशीनवर विंडोज टाकून बसवता आलं असतं, आणि तसं झालं असतं तर ही कथा इथंच संपली असती. गिऱ्हाइकाला त्याचे वरचे पैसे द्यायचे नव्हते. मग दुरुस्तीवाल्यानं पिनच्या पडद्यावर एस्केप दाबलं, आणि त्याला आमचा नंबर दिसला.

नंबर दिसला तरी फोन करायचं त्याच्यावर बंधन नव्हतं. त्यानं केला. आम्ही गुन्ह्याचा क्रमांक आणि सिरीयल नंबर ठाण्यात दिला, तिथून पुढचं पोलिसांनी केलं. बाजारात विकणारा कोण होता हे आजही समजलेलं नाही. लॅपटॉप मुद्देमाल म्हणून जमा झाला, न्यायालयात अर्ज, हमीपत्र, फोटो असं सगळं होऊन तो हातात पडायला एप्रिल उजाडला. अ‍ॅपचं वर्ष संपलं होतं, पण त्यांच्याकडे महिनाभराची सवलत होती.

मशीन टेबलावर ठेवलं. कडेला एक चीर, बाकी ठीक. चार्जर लावला, अण्णांनी स्वतः पिन टाकला. हायबरनेटमधून विंडोज उठलं आणि समोर १५ जानेवारीचं एक्सेल, टॉवेल कारखान्याचा ताळमेळ, कर्सर ज्या रकान्यात सोडला होता त्याच रकान्यात. अण्णा म्हणाले, "हे मी दुसऱ्यांदा केलं की बे!" मग चहा मागवला. मशीननं ऑफिसचं वाय-फाय ओळखलं आणि स्वतःहून जोडून घेतलं.

पाच मिनिटांनी माझ्या फोनवर अ‍ॅपचा मेल आला: तुमचे हरवलेले उपकरण सापडले आहे. सोबत नकाशा, गोल समोरच्या रसवंतीगृहावर पडलेला. आणि खाली, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यानं गुपचूप काढलेला संशयिताचा फोटो: चष्मा कपाळावर, हातात चहाचा ग्लास, मी, आणि माझ्या खांद्यावरून डोकावणारे अण्णा.